पेन्सिलीच्या चार खुणा

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि डॉक्टर एका परक्या घराच्या हॉलमध्ये भिंतीला कान लावून उभे होते. डोळे मिटलेले. उजवा हात खांद्याच्या उंचीवर, मधलं बोट वाकवलेलं, आणि त्या बोटाच्या पेराने भिंतीवर टक, टक, टक. पेरावर घट्टा पडला होता. पंखा त्यांनी बंद करायला लावला होता. स्वयंपाकघरातला नळसुद्धा.

"काका, काय म्हणतेय आमची भिंत?" घरातल्या सुनेने विचारलं.

डॉक्टरांनी डोळे उघडले, तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "हो हो."

डॉक्टर म्हणजे औषधं देणारे डॉक्टर नव्हेत. टीव्ही-फ्रिज विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाचे ते फिटर. दुकानातून टीव्ही विकला गेला की तो गिऱ्हाइकाच्या भिंतीवर टांगायला जायचं, हे त्यांचं काम. दुकानाच्या मॅनेजरने त्यांना एकदा अशी भिंत वाजवताना पाहिलं आणि विचारलं, "काय डॉक्टर, पेशंट वाचेल का?" तेव्हापासून दुकानात, गोदामात, गाडीच्या ड्रायव्हरपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांचे ते डॉक्टर झाले. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वेळी पुकारलं की नवी माणसं इकडेतिकडे बघायची.

टोपणनाव चेष्टेतलं होतं, पण त्यामागची करामत खरी होती. जिप्सम बोर्डाची भिंत बाहेरून विटांच्या भिंतीसारखीच दिसते. आत मात्र ठरावीक अंतरावर उभी लाकडं असतात, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी बोटभर जाडीचे बोर्ड स्क्रूने बसवलेले असतात आणि मधे नुसती हवा. मोठ्या टीव्हीचं वजन बोर्ड पेलत नाही. बिस्किटासारखा तुटतो. म्हणून स्क्रू लाकडातच जायला हवा, आणि लाकूड कुठे आहे ते रंगवलेल्या भिंतीवरून कळायला हवं. पोकळ जागी पेर मारलं की ढब असा आवाज येतो, लाकडावर मारलं की ठक. दुसरे फिटर त्यासाठी दिवा लागणारी यंत्रं वापरत. डॉक्टर कान वापरत आणि दुकानात त्यांचं नाव होतं ते त्यासाठीच.

त्या सकाळी त्यांना ढब ऐकू येत नव्हतं आणि ठकही. भिंतभर सगळीकडे एकच गोष्ट कळत होती: आपलं बोट कशावर तरी आपटतंय.

हे काही त्या सकाळी झालं नव्हतं. टीव्हीच्या कामात येण्याआधी डॉक्टरांची उमेदीची सगळी वर्षं विटा आणि काँक्रीट फोडण्यात गेली होती. हातात मोठं ड्रिल आणि कानात काही नाही. कानात बोळे घालणाऱ्यांना तेव्हा जोडीदार नवरी म्हणत. आधी डावा कान गेला. मग उजव्या कानातून पक्षी गेले, कुकरच्या शिट्ट्या गेल्या, दाराची घंटा गेली. माणसांचं बोलणं राहिलं होतं, पण तेही समोर तोंड असेल तर. पाठमोरं कुणी बोललं तर ते डॉक्टरांच्या लेखी बोललंच नव्हतं. यावर त्यांनी एक उपाय शोधला होता. समोरच्याचे ओठ हललेले दिसले आणि काही कळलं नाही, की हसायचं आणि हो हो म्हणायचं. बहुतेक प्रश्नांना ते चालून जायचं. एकदा बायकोने झोपताना विचारलं होतं, "दार लावलंत ना?" त्यांनी हो हो म्हटलं आणि दार सकाळपर्यंत सताड उघडं राहिलं. "भिंतींचं बरं ऐकू येतं तुम्हाला," बायको म्हणाली होती. "माझंच येत नाही." तेव्हा ते मनापासून हसले होते, कारण तेव्हा भिंतींचं अजून थोडंफार ऐकू येत होतं.

ही गोष्ट कुणालाही माहीत नाही अशी त्यांची समजूत होती. माहीत होणं परवडणारं नव्हतं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका जोडीने बसवलेला टीव्ही खाली आला, तेव्हा मॅनेजरने सगळ्या फिटरना उभं करून सांगितलं होतं, "आता पुढचा टीव्ही पडला, तर तो बसवणारा माझ्या कामावर राहणार नाही." भिंत न ऐकणारा डॉक्टर कोण ठेवून घेणार?

म्हणून त्यांच्या खिशात एक चुंबक होता. जुन्या स्पीकरमधून काढलेला, रुपयाएवढा. बोर्ड लाकडाला धरून ठेवणाऱ्या स्क्रूंची डोकी रंगाखाली असतात. चुंबक भिंतीवरून फिरवला की तिथे चिकटतो. एकाखाली एक असे तीन-चार स्क्रू सापडले, म्हणजे मागे उभं लाकूड. डॉक्टर आधी गिऱ्हाइकादेखत साग्रसंगीत टकटक करत आणि मग पाठ वळवून हळूच चुंबक फिरवून घेत. चुंबकाला स्क्रू कळतो, लाकूड कळत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण आजवर काही बिघडलं नव्हतं.

हॉलमध्ये दोन माणसं आणखी होती. एक त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कारखाना बंद पडल्यावर डॉक्टरांनीच त्याला दुकानात चिकटवलं होतं. चाळिशीचा, अंगाने आडवा, तोंडाने अखंड चालणारा. टीव्हीचं एक टोक उचलायला त्याच्यासारखा माणूस नाही. त्याला एकच खोड होती. डॉक्टरांनी भिंतीवर पेन्सिलीने भोकांच्या चार खुणा केल्या, की तो डोळे बारीक करायचा, "दाजी, दिसतच नाहीत हो नीट," म्हणायचा, बाहीने खुणा पुसायचा आणि तिथल्या तिथे परत काढायचा. "चष्मा घे रे बाबा," डॉक्टर दर वेळी म्हणत. गोदामातही त्यांनी हे रंगवून सांगितलं होतं: आमच्या मेहुण्याला हत्ती दाखवला तर म्हणेल, जरा पुसून परत काढा.

दुसरे होते सुनेचे सासरे. खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसलेले, पायांत लोकरी मोजे. टीव्ही मुख्यतः त्यांच्यासाठीच होता. जुन्या टीव्हीचा आवाज त्यांना पोचत नव्हता.

"बरोबर इथे हवा," सून म्हणाली आणि तिने भिंतीच्या मधोमध तळहात ठेवला. "सोफ्यावरून सरळ दिसला पाहिजे."

त्यावर सासऱ्यांनी भिंतीकडे बोट करून काहीतरी म्हटलं. आवाज बारीक असावा, कारण सुनेनेही मान वळवली नाही. डॉक्टरांना फक्त म्हाताऱ्या ओठांची हालचाल दिसली.

"हो हो, बाबा," ते म्हणाले.

"त्यांच्याकडे नका लक्ष देऊ," सून म्हणाली. "सकाळपासून त्यांचं चालूच आहे काहीतरी."

तेवढ्यात खालून रखवालदाराचा फोन आला. दुकानाची गाडी फाटकात आडवी होती आणि मागे कुणी तरी हॉर्न वाजवत होतं. मेहुणा किल्ल्या घेऊन निघाला. दारात चपला घालता घालता, वाकलेला असतानाच म्हणाला, "दाजी, नुसत्या खुणा करून ठेवा. भोकं मी आल्यावर पाडू."

"हो हो," डॉक्टर म्हणाले.

चुंबकाला स्क्रूंच्या दोन उभ्या रांगा सापडल्या. अंतर जवळपास बरोबर होतं. डॉक्टरांनी टीव्ही टांगायचं लोखंडी ब्रॅकेट धरलं, पाणसळ लावली, चार खुणा केल्या. दोन डाव्या रांगेवर, दोन उजव्या. मेहुण्याची थोडी वाट पाहिली. मग सून घड्याळाकडे बघू लागली, आणि त्यांनी ड्रिल उचललं.

डावीकडे ड्रिल कुरकुरत, ताकद खात आत गेलं आणि लाकडाचा भुसा पिळदार होऊन बाहेर आला. उजवीकडे आधी पांढरी भुकटी आली, मग चिमूटभर भुसा, आणि मग ड्रिल एकदम पुढे गेलं; जिन्यात एक पायरी जास्त समजून पाय टाकावा तसं. डॉक्टरांनी ड्रिलच्या टोकाकडे पाहिलं. भुसा होता. भुसा आहे म्हणजे लाकूड आहे. स्क्रूचे शेवटचे फेरे ते नेहमी हाताने आवळत. डावीकडचे आवळताना मनगट दुखलं. उजवीकडचे आवळताना दुखलं नाही. खालच्या स्क्रूचा शेवटचा फेरा तर मऊ गेला.

सून काहीतरी म्हणाली. डॉक्टर हो हो म्हणाले आणि त्यांनी पाना पिशवीत टाकला.

मेहुणा घामाघूम होऊन परत आला आणि दारातच थबकला. "लावलंत पण?"

"मग काय, तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसू?"

"नाही, पण खुणा..."

"यावेळी मी पुसायला ठेवल्याच नाहीत," डॉक्टर म्हणाले. "ताई, याला जरा चांगला चष्मेवाला सुचवा."

सून हसली. मेहुणा हसला नाही. त्याने भिंतीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि मग खाली वाकून खोक्याची पट्टी कापायला घेतली.

टीव्ही जेवणाच्या टेबलाएवढा होता. दोघांनी तो हूं करून उचलला, मागचे हुक ब्रॅकेटवर चढवले, खालचा खटका बसला. पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबला. सुनेने रिमोट दाबला आणि खोलीत निळा-हिरवा उजेड पसरला. कुठला तरी समुद्र होता.

सासरे उठले. एका हाताने खुर्चीची पाठ धरून ती फरशीवरून ओढत आणली. मेहुण्याने त्या कर्कश आवाजाने तोंड वाकडं केलं. डॉक्टर पिशवी भरत राहिले. म्हाताऱ्याने खुर्ची थेट टीव्हीखाली मांडली, बसला आणि डोकं एका बाजूला कलतं करून कान वर केला. टीव्हीच्या खालच्या कडेला जिथे आवाज येतो तिथे. टीव्ही त्याच्या डोक्यापासून वीतभर वर होता.

"बाबा! डोळे जातील!" सून ओरडली. मग नेहमीच्या आवाजात मेहुण्याला म्हणाली, "कान तर गेलेच आहेत. आम्ही आता बोलणंच सोडलंय. कोण घसा फोडून घेईल?"

तिचं तोंड डॉक्टरांकडे होतं, त्यामुळे त्यांना सगळं कळलं. म्हाताऱ्याला कळलं नाही. तो समुद्र ऐकत होता.

काम संपलं की निघताना भिंतीवर तळहात ठेवायची डॉक्टरांची सवय होती. त्यात श्रद्धा वगैरे काही नव्हती. घोड्याच्या पाठीवर थाप मारावी तसं. त्यांनी टीव्हीच्या डाव्या बाजूला हात ठेवला. भिंत गप्प होती. मग उजव्या बाजूला ठेवला. तिथे भिंत थरथरत होती. टीव्हीच्या आवाजाने बोर्ड ढोलकीच्या कातड्यासारखा हलत होता. लाकडाला घट्ट धरलेला बोर्ड असा हलत नाही. कानाने जे अर्धा तास कळलं नव्हतं ते तळहाताला एका क्षणात कळलं.

त्यांनी हात काढून घेतला. टीव्ही टांगलेला होता. आज पडला नसता, कदाचित महिनाभरही पडला नसता. पिशवी बांधून झाली होती. मेहुणा दारापर्यंत गेला होता. खुर्चीत म्हातारा मान वर करून बसला होता आणि त्याची पांढऱ्या, विरळ केसांची टाळू डॉक्टरांना वरून दिसत होती.

"बंद करा," डॉक्टर म्हणाले. "बाबांना तिथून उठवा."

"का? काय झालं?"

"काढायचा आहे. उजवीकडे लाकूड नाही."

"म्हणजे काय? आत्ता तर लावलात!" सुनेचा आवाज चढला असावा, मेहुण्याने मागे वळून पाहिलं. "तुम्ही कान लावून तपासलंत की माझ्यासमोर!"

"लावला होता कान," डॉक्टर म्हणाले. "मला ऐकू येत नाही, ताई."

मेहुणा पुढे आला आणि त्याने म्हाताऱ्याला खुर्चीसकट बाजूला केलं.

टीव्ही उतरवून गादीवर आडवा ठेवल्यावर मेहुण्याने उजव्या रांगेवर बोटाचं पेर मारलं. एकदा वर, एकदा खाली. "पोकळ," तो म्हणाला. खालचा स्क्रू त्याने दोन बोटांनी ओढला तर तो दुधाच्या दातासारखा बाहेर आला, आणि त्याला अडकलेली लाकडाची पातळ ढलपी. ब्रॅकेट काढून त्यांनी तिथे मुठीएवढं भोक पाडलं आणि मोबाइलचा दिवा धरला. आत उभं लाकूड नव्हतंच. बोर्डाचा सांधा धरायला मागून लावलेली अर्धा बोट जाडीची पट्टी होती. एवढ्या पट्टीवर फोटोसुद्धा कुणी टांगणार नाही.

सासरे खुर्चीतून वाकून बघत होते. "खिडकी होती तिथे," ते म्हणाले. "आतल्या खोलीत बघायला. आमची ही आजारी होती तेव्हा मीच पाडून घेतली होती, मग मीच बुजवली. मघाशी सांगितलं ना मी."

डॉक्टरांना ते बोलणं नीट समजलं, कारण म्हातारा या वेळी त्यांच्याकडे बघून बोलत होता. मघाशीही तो त्यांच्याकडेच बघून बोलला होता. मघाशी त्यांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं, पण समजून घ्यायचे कष्ट घेतले नव्हते.

मग मेहुण्याने टकटक सुरू केली. बोट वाकवून, हळू, डोळे उघडे ठेवून. डावीकडे सरकत गेला, थांबला, पेन्सिलीने रेघ मारली. पुन्हा वाजवलं, रेघ बाहीने पुसली, दोन बोटं अलीकडे परत मारली. डॉक्टर ती बाही बघत राहिले. ही हालचाल त्यांनी किती घरांत, किती भिंतींवर पाहिली होती आणि दर वेळी चष्म्याचा विनोद केला होता.

टीव्ही अखेर हातभर डावीकडे बसला. सोफ्यावरून तिरका दिसत होता. सून हॉलमध्ये न थांबता आत जाऊन फोनवर बोलत होती. भोकाचं काय करणार, हे तिने दोनदा विचारलं. त्याची डागडुजी दुकानाचा माणूस करून जाईल असं मेहुण्याने सांगितलं. म्हाताऱ्याने खुर्ची पुन्हा ओढत नेली आणि नव्या जागी, तसाच, कान वर करून बसला.

दोघं गाडीत बसले. मेहुण्याने गाडी सुरू केली, मग बंद केली आणि पूर्ण वळून, तोंड समोर आणून म्हणाला, "माझे डोळे चांगले आहेत, दाजी."

"कळलं."

"सगळ्या नव्हत्या चुकत खुणा. दहात एखादी. पण मी दहाही वाजवून बघायचो."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीपासून. ताईने सांगितलं, यांच्यावर लक्ष ठेव म्हणून."

डॉक्टर समोरच्या काचेतून बघत होते. फाटकापाशी रखवालदार कुणाला तरी हात करून बोलावत होता, तोंड उघडत होता, मिटत होता.

"तुझ्या बहिणीने मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की," मेहुणा म्हणाला. "दवाखान्यात जाऊ या, म्हणाली. तुम्ही म्हणालात, हो हो."

डॉक्टरांच्या खिशात फोन थरथरला. मॅनेजरचा होता. एरवी ते असा फोन घेत, अंदाजाने तीन-चारदा जी साहेब म्हणत आणि नंतर मेहुण्याकडून आडवळणाने काढून घेत की साहेबांचं काय म्हणणं असेल. आज त्यांनी फोन न उचलता मेहुण्यापुढे धरला.

"हो साहेब," मेहुणा म्हणाला. "नाही, टीव्हीला ओरखडाही नाही... त्यांनीच उतरवला, पडला नाही... बाई बरोबर सांगतायत, हो." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. फोनवर हात ठेवून त्याने डॉक्टरांकडे पाहिलं. "विचारतायत. सांगू?"

डॉक्टरांनी मानेनेच होकार दिला.

"दाजींना ऐकू येत नाही, साहेब." पुन्हा थांबला. पुढचं वाक्य त्याने खिडकीकडे तोंड करून म्हटलं, पण काचेत त्याचे ओठ दिसत होते. "कधीपासून ते मला माहीत नाही."

फोन ठेवून त्याने तो डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला. "काढत नाहीत म्हणाले. जुना माणूस आहे म्हणाले. पण उद्यापासून भिंतीवर नको. गोदामात पण खाली नको, तिथे गाड्या मागे येतात, हॉर्न कळायला हवा."

"मग?"

"वरती. खोक्यांकडे."

दुकानात येणाऱ्या मालाची रिकामी खोकी गोदामाच्या माडीवर जमतात. ती सपाट करून यंत्रात दाबायची, गठ्ठे बांधायचे. याआधी तिथे पाठीचं दुखणं असलेला एक माणूस होता, तो महिन्याभरापूर्वी गेला. डॉक्टरांनी खिशातून चुंबक काढला, दोन बोटांत फिरवला आणि गाडीच्या पत्र्याला चिकटवून दिला. मेहुण्याने तो पाहिला. त्याने गाडी सुरू केली. दुसरं काम दुपारी होतं, विटांच्या भिंतीचं. तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतं, आणि ते दोघांनी मिळून केलं.

उद्या सकाळी साडेआठला गोदामाचं शटर उघडेल. पावणेनऊला टीव्हीची गाडी निघेल. तिच्यात मेहुणा असेल आणि वॉशिंग मशीनच्या विभागातला एक माणूस. माडीवरचं खोकी दाबायचं यंत्र नऊला सुरू होतं. ते सुरू होण्याआधी घंटा वाजते, आणि घंटेबरोबर वरचा लाल दिवाही लागतो.